मेणात बुडवलेली कॉइल

"जयंतीच्या स्टेजवर पुन्हा शिट्टी वाजली, तर मी दुसरा बेसवाला पाहतो," केवलराम म्हणाला. "दोस्ती आपल्या जागी, पार्टी आपल्या जागी."

"थांब जरा." अश्विनने खुंटीवरची बेस गिटार काढून मांडीवर घेतली, छोट्या अँपची पिन लावली, हेडफोन कानांवर चढवला. "हां, आता बोल."

"गिटार घेतल्याबिगर याले बोलनंच सुचत नाही," त्याची आई सुमनबाई आतून म्हणाल्या. "जेवाले बसला तरी तेच."

केवलरामने पुढे वाकून तेच पुन्हा सांगितलं. त्याच्या भीमगीतांच्या पार्टीत अश्विन कॉलेजात असल्यापासून बेस वाजवत होता. वाजवताना त्याची नजर ढोलकीवाल्याच्या हातांवरून हलत नसे, आणि ताल कधी चुकत नसे. गिटार मात्र स्वस्तातली होती, काळी, बिननावाची. गायिकेने सूर चढवला की स्पीकरमधून शिट्टी येई.

"स्टेजवर आवाज कमी ठेवीन," अश्विन म्हणाला. "पिकअप बदलायचा नाही."

"काऊन?"

अश्विन तारांवरून बोट फिरवत राहिला.

अश्विनची बायको रचना चहा घेऊन आली. ती एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिने केवलरामला तारांखालची काळी पट्टी दाखवली. "हाच पिकअप. आत चुंबक आहे, त्याच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलीय. ही कॉइल सैल आहे. आजूबाजूच्या आवाजानं थरथरते, मग माईकसारखी वागते. स्पीकरचा आवाज पुन्हा हिच्यातच शिरतो."

"मग इलाज?"

"चांगल्या पिकअपची कॉइल मेणात बुडवलेली असते. ती गिटारच्या तारांशिवाय दुसरं काही ऐकत नाही."

"आमच्या घरवालीले पण बुडवा एकदा मेणात," केवलराम म्हणाला. "ते भिंतीपलीकडचंही आयकते."

अश्विन हसला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती. अश्विनने हेडफोन उतरवला, गिटार खुंटीला लावली आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला.

"येतो गा, अश्विन," केवलराम म्हणाला. अश्विनने वळूनही पाहिलं नाही.

"बुरा मान गया, यार."

"मिलमधून आले की असंच," रचना म्हणाली. "दिवसभर भाताच्या मशीनचा गडगडाट. लाईट गेली की तर एक शब्द बोलत नाहीत."

ती केवलरामला फाटकापर्यंत सोडायला गेली. वर्षभरात अश्विन आतल्या आत मिटत चालला होता. फोन उचलेनासा झाला होता, चौकात उभा राहीनासा झाला होता. आता पार्टीही सुटली, तर या माणसाला बाहेर काढणारं काहीच उरणार नव्हतं.

"तुम्ही नागपूरहून पिकअप मागवा," ती हळूच म्हणाली. "मी बसवते. त्यांना सांगू नका."

संध्याकाळी अश्विन हेडफोन लावून बसे, तेव्हा चार वर्षांची सोनू त्याच्यासमोर मांडी घाली. तिला काही सांगायचं असलं की ती थेट तारांजवळ तोंड नेई. "बाबा, आजीनं मले मारलं." "बाबा, शेजारची कोंबडी हरवली." अश्विन डोळे मिटून ऐके आणि मग उत्तर देई. बाबा गिटारीत राहतात, असं सोनूने अंगणवाडीच्या बाईंना सांगितलं होतं. रचना ते हसून सगळ्यांना सांगे. दिवसभरात अश्विन हसायचा तो तेवढाच.

पिकअप आला तो रविवारी. अश्विन मिलवर गेला होता. रचनाने तारा सैल केल्या, स्क्रू काढले, जुनी जोडणी सोल्डरिंगच्या टोकाने सोडवली. नवा पिकअप त्याच खाचेत बसला. वर जुनंच काळं झाकण नीट बसत होतं, तिने तेच लावलं. अश्विनला नुसत्या आवाजावरून ओळखता येतं का, ते तिला पाहायचं होतं.

मग तिने अँप पूर्ण वाढवला आणि तारांजवळ तोंड नेऊन जोरात हाक मारली. अँप गप्प राहिला. तार छेडली, तर स्वर खोल, स्वच्छ निघाला.

जुनी कॉइल तिने कुतूहलाने उलगडून पाहिली. आत मेणाचा थेंबही नव्हता. तार सुटत गेली, तुटत गेली, सोनेरी गुंता होऊन ओट्यावर पडली.

"आई, हे माझ्या बाहुलीले केस," सोनू म्हणाली.

रचनाने कात्रीने गुंता सारखा कापून बाहुलीच्या डोक्यावर चिकटवून दिला.

अश्विन आला. हातपाय धुतले, खुंटीवरून गिटार घेतली, पिन लावली, हेडफोन चढवला. एक ओळ वाजवून पाहिली आणि भुवई उंचावली. रचना दारात उभी होती. तिने ओठ दाबून हसू आवरलं.

"साफ वाजून राहिली आज," तो म्हणाला, आणि नेहमीसारखे डोळे मिटून सोनूची वाट पाहत बसला.

सोनू बाहुली घेऊन धावत आली. समोर मांडी घातली, तारांना जवळजवळ ओठ लावले.

"बाबा, माझ्या बाहुलीले केस आले."

अश्विन हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत राहिला.

"बाबा, सोन्याचे केस. आईनं लावले."

अश्विनने बटण थोडं फिरवलं. मग आणखी थोडं.

"बाबा!" सोनू ओरडली. स्वयंपाकघरातून सुमनबाई डोकावल्या. "काय झालं वो पोरीले?"

रचनाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. तिची नजर अश्विनच्या बोटांवर गेली. बटण शेवटपर्यंत फिरलं होतं, तरी बोटं ते फिरवू पाहत होती.

"बाबा, पहा ना!"

डोळे मिटूनच अश्विनने गिटार तिच्याकडे आणखी थोडी पुढे केली.

"बोल ना, सोनू," तो म्हणाला. "आज काऊन चूप बसून राहिली?"