पुलाच्या गाण्याचे गुण

“शून्य,” आत चष्मेवाल्याने आणखी एक चिठ्ठी वाचली, आणि बाहेर जिन्यात उभ्या असलेल्या दादांनी कठडा घट्ट धरला.

आत त्यांच्याच चाहत्यांचं मंडळ जमलं होतं. चष्म्याच्या दुकानावरची ही खोली, दरवर्षी तीच माणसं आणि तोच उद्योग. दादांच्या गाण्यांना दहापैकी गुण द्यायचे, चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. जे गाणं पहिलं येईल ते दादांनी शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं. पुलाचं गाणं इतकी वर्षं पहिलं येत होतं की बाकीची गाणी दुसऱ्या नंबरासाठीच भांडायची. दादांनी आयुष्यात गाणी पुष्कळ म्हटली, पण लोकांनी त्यांना लक्षात ठेवलं ते याच एका गाण्यासाठी. हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

आज ते बायकोला घेऊन जरा लवकरच आले होते. मतांचा डबा दाराबाहेर स्टुलावर होता, कोऱ्या चिठ्ठ्या शेजारीच, आणि आसपास चिटपाखरूही नव्हतं. दादांना राहवलं नाही. त्यांनी एक चिठ्ठी उचलली, पुलाच्या गाण्यापुढे दहा लिहिले, बाकीच्यांना हात राखून चार-पाच दिले आणि चिठ्ठी डब्यात सारली.

“आपली पाठ आपणच थोपटायची का?” बायको म्हणाली.

“मीही माझा चाहताच आहे. सगळ्यात जुना.”

तेवढ्यात आतून पावलं वाजली. चोरी पकडली जाऊ नये म्हणून दोघं वरच्या वळणावर सरकली. चष्मेवाला बाहेर आला, डबा उचलून आत घेऊन गेला आणि दार अर्धवट उघडं राहिलं. मोजणी संपली की आत जाऊ, असं दादांनी ठरवलं. आपल्या तोंडावर गुण वाचायला माणसं अवघडतात.

गेल्या वर्षी तर कमाल झाली होती. गाण्याची शेवटची, खूप वर जाणारी ओळ आली आणि अख्खी खोली त्यांच्याबरोबर गायला लागली. इतक्या जोरात, की दादांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. प्रेम प्रेम म्हणतात ते हेच, असं ते वर्षभर भेटेल त्याला सांगत सुटले होते. बायको त्यावर गप्प बसायची. दादांच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून ती एवढंच म्हणायची, “पट्टी थोडी उतरवून गा.”

“पट्टी उतरवली तर ते पुलाचं गाणं राहील का? बोगद्याचं होईल,” दादा फणकारायचे. मग न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून ती ओळ लावून बघायचे. क्वचित लागायची, बहुधा फाटायची. पण ऐन वेळी लागतेच, अशी त्यांची श्रद्धा होती.

“पाळण्याचं गाणं आठ,” चष्मेवाला वाचत होता. “बागेतलं सात. साबणाच्या जाहिरातीचं तीन. पुलाचं शून्य.”

फळ्यावर गुण मांडणाऱ्या शाळेतल्या बाई खडू चालवत होत्या. पुढची चिठ्ठी. पुलाचं शून्य. त्याच्या पुढची. शून्य.

दादांना आधी राग आला, मग लाज वाटली आणि मग सरळ भीती वाटली. हे गाणं गेलं तर उरलं काय? जिना चढताना धापा टाकणारा, डब्यातून मोजून गोळ्या खाणारा एक म्हातारा.

“या बाई दरवर्षी हे गाणं ऐकून डोळे पुसतात,” ते कुजबुजले. “यांनीसुद्धा शून्य दिलं असेल?”

“चला, घरी जाऊ,” बायकोने त्यांचा दंड धरला.

“थांब. माझी चिठ्ठी निघू दे. निदान एक तरी बरा आकडा ऐकून जातो.”

डबा टेबलावर उपडा केल्यामुळे ती अगदी तळाला गेली होती. शेवटी निघाली.

“पुलाचं गाणं,” चष्मेवाला म्हणाला आणि अडखळला. “दहा.”

खडू थांबला. आत कुणी हसलं नाही, टाळी वाजली नाही. एक खुर्ची मात्र करकरली.

“नीट बघा,” बाई म्हणाल्या.

“नीटच बघतोय. दहा आहेत.” चष्मेवाल्याचा आवाज रागाने कापत होता. “सगळ्यांचं ठरलं होतं ना? गाण्याची पद्धतच बंद केली तर दादांना संशय येईल, म्हणून काळजावर दगड ठेवून शून्य दिलं आपण. ते पहिलं आलं की त्यांना गावं लागतं. गेल्या वर्षी वरच्या ओळीला त्यांचा आवाज फाटला, तेव्हा आपण सगळ्यांनी ओरडून ओरडून तो झाकला. दर वेळी जमेल का ते? आणि हे माहीत असून हा कोण दहा देतोय?”

जिन्यात बायकोने दादांच्या दंडावरचा हात काढला नाही, पण त्यांच्याकडे बघायचंही टाळलं.

“जाऊ द्या,” बाई हळूच म्हणाल्या. “असेल कुणीतरी. सगळ्यांनाच दादांची माया असते असं थोडंच आहे.”