सगळ्यात खालचा नंबर

साहेबांच्या मेहुण्याकडे ऑफिसचा सर्व्हर सोपवण्यात आला, कारण घरात बायकोपुढे साहेबांचं काही चालत नाही. बारा वर्षं तो सर्व्हर मी सांभाळला होता. आणि हा दोन दिवसांचा कोर्स करून अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. सकाळी आल्या आल्या त्याने माझ्याकडून मुख्य पासवर्ड काढून घेतला आणि म्हणाला, "ताई, आजपासून तुम्ही इतरांसारख्याच साध्या युजर."

मी म्हटलं, "एकच सांगते. युजरांची यादी हाताने बदलू नका. मशीन माणसाचं नाव बघत नाही, नावापुढचा नंबर बघतं."

तो मोबाईलवर गाड्यांचे फोटो बघत होता. "मला शिकवू नका," एवढंच म्हणाला.

दुपारी त्याने ती यादी उघडलीच. मग सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात मला हाक मारली. "तुमचा एक हजार एक नंबर काढून टाकलाय. माझा एक हजार नऊ आणि तुमचा शून्य. याच्या खाली नंबरच नाही. कळली का आता आपली जागा?"

दोघंतिघं हसले. मी मान खाली घालून "कळली" म्हटलं, माझ्या टेबलावर आले आणि पुन्हा लॉगिन केलं.



त्या मशीनमध्ये शून्य नंबर मालकाचा असतो. सकाळी हिसकावून घेतलेली किल्ली त्या शहाण्याने दुपारी स्वतःच्या हाताने माझ्या पदरात टाकली होती.