गुरुवारचा मासा

बाबांच्या हातातल्या पिशवीतून माशाची शेपटी डोकावली आणि माहेरी आलेली तपती दारातच थबकली. आज गुरुवार, लक्ष्मीचा वार. शांतिपूरच्या या सान्यालांच्या घरात गुरुवारी माशाचं नावसुद्धा निघत नसे. लहानपणी तिने एकदा हट्ट केला, तर आईने तिला अंगणात उभं केलं होतं.

"बाबा, आज मासा?"

नीरदबाबू पिशवीकडे बघत राहिले. तेवढ्यात आई, बिभावती, लगबगीने बाहेर आली.

"मीच सांगितलं त्यांना. वारच विसरले बघ. डोकं ठिकाणावर नाही हल्ली माझं."

"हिचं हे रोजचंच!" नीरदबाबूंना जोर चढला. "परवा किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. माझ्या शाळेत असती, तर बाकावर उभी केली असती हिला."

नीरदबाबू जन्मभर हेडमास्तर. ते कधी चुकले नाहीत, निदान त्यांनी तसं कबूल केलं नाही. दवाखान्यात चला म्हटलं की अंगावर यायचे.

बिभावतीने हसत पिशवी मागच्या दारी नेली. मागच्या गल्लीतल्या मांजरांची मात्र त्या दिवशी चंगळ झाली.

तपतीचा जीव थाऱ्यावर राहिना. तिच्या सासूबाईंचंही असंच सुरू झालं होतं. आधी वार विसरल्या, शेवटी पोटच्या मुलालाही ओळखेनात. उद्या आईने आपल्याला 'तू कोण?' विचारलं तर? भाजी चिरता चिरता तिला रडू फुटलं.

"आई, कोलकात्याच्या डॉक्टरांना दाखवू या का?"

आई आढेवेढे घेईल असं तिला वाटलं होतं. ती चटकन तयार झाली.

"चालेल. नंबर मीच लावते फोनवर, एवढं अजून जमतं मला. पण हे बरोबर हवेत. यांच्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही."

"येतो की! हात धरून नेतो," नीरदबाबू म्हणाले.

सोमवारी गाडीत त्यांनी दोनदा विचारलं, कुठे चाललोय आपण. बिचारे घाबरलेत, तपतीला वाटलं. "माझ्या डॉक्टरकडे," बिभावती दोन्ही वेळा म्हणाली आणि तिने त्यांच्या सदऱ्याची वरखाली लागलेली बटणं नीट केली.

दवाखान्यात तपतीने आईचा हात घट्ट धरला. "आई, आज वार कुठला गं?"

"सोमवार. आणि सकाळपासून तुझ्या पोटात काही नाही."

आज बरी दिसतेय, तपतीच्या मनात आलं. तेवढ्यात कंपाउंडरने पुकारा केला, "नीरदबरण सान्याल!"

नीरदबाबू खो खो हसले. "घ्या! नाव लावायला सांगितलं, तर माझंच लावून बसली! चल, ऊठ." ते बायकोचा हात धरून ऐटीत निघाले, ते बाहेरच्या दाराकडे.

बिभावतीने त्यांना हळूच डॉक्टरांच्या दाराकडे वळवलं.

"थांब आई, मी नाव बदलून आणते," तपती तिच्या कानाशी लागली.

"राहू दे, बरोबर आहे ते," आई कुजबुजली. "गुरुवारी मासा आणायला मी सांगेन का गं?"