या गावात काहीच घडत नाही

"भूत नको तर नको," विक्रांत म्हणाला, "पण विहिरीत खजिन्याची एखादी पेटी तरी ठेवा."

तेजस्वीने मान हलवली. सकाळपासून ती तिसऱ्यांदा नाही म्हणत होती.

विक्रांत पुण्याच्या एका कंपनीतून अंबरनाथला तिच्या घरी आला होता. डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायचे गेम ही कंपनी मॉलमध्ये बसवायची. तेजस्वीचा गेम त्यांना हवा होता. त्यासाठी तिने नोकरी सोडून दोन वर्षं घातली होती. सोबत काम करणारा अनीश मधेच निघून गेला, तोही हेच सांगून, की यात काही घडत नाही.

ते खरंच होतं. बदलापूरच्या पलीकडे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं एक गाव तिने जसंच्या तसं उभं केलं होतं. पावसाळा सरतानाचं, ओल्या वाटांचं. त्यात शिरायचं आणि फिरायचं, एवढंच.

विक्रांत हेकट नव्हता. गाव त्याला आवडलं होतं. पण मॉलमध्ये माणूस पाच मिनिटांसाठी रांग लावतो, त्याला काहीतरी सापडलं पाहिजे नाहीतर कशापासून तरी पळता आलं पाहिजे, असं तो समजावून सांगत होता. तेजस्वीचं म्हणणं इतकंच होतं, की एकदा पेटी ठेवली की सगळे पेटीच शोधतील, गाव कोणी बघणार नाही. यावर त्याने कराराचे कागद तिच्यापुढे सरकवले. ती कागदांकडे बघत राहिली. एका पेटीने असं काय बिघडणार आहे, असं तिला पहिल्यांदाच वाटून गेलं.

तेवढ्यात बेल वाजली. मांजर्लीहून आण्णा आले होते. तिनेच त्यांना बोलावलं होतं आणि ती विसरून गेली होती. पाण्याखाली गेलेलं ते गाव आण्णांचं. पाणी चढलं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. त्यांच्याकडे आणि त्यांच्या गाववाल्यांकडे बसून, विचारून विचारून, तिने एकेक भिंत रचली होती.

विक्रांतकडे दहा मिनिटं मागून तिने खोलीच्या मधोमध आण्णांना उभं केलं. टोपी काढून ठेवायला सांगितली, हेडसेट बांधला, पुढे जायचं बटण अंगठ्याखाली दिलं. आण्णांना जे दिसेल ते लॅपटॉपवर या दोघांनाही दिसणार होतं.

आण्णा बराच वेळ हललेच नाहीत. मग चालायला लागले. तिने आखलेला मोठा रस्ता त्यांनी लगेच सोडला आणि गोठ्यांच्या मागून निघाले. त्या बाजूने कोणी जाईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तरी तिथेही वाट सापडत गेली. बांध ओलांडताना खोलीत त्यांचा पाय खराच उचलला गेला. पुटपुटत ते कुणाकुणाची नावं घेत होते. कोणी दिसत नव्हतं, पण प्रत्येक दारापाशी त्यांची मान किंचित लवत होती.

एका घरापुढे ते थांबले. दार उघडं होतं. आत अंधार, आणि चुलीचा थोडा धूर.

"इथे काहीतरी घडायला हवं," विक्रांत हळूच तिला म्हणाला.

आण्णा आत जाईनात. लॅपटॉपवर नुसता उंबरा दिसत होता. ते खाली वाकून इकडेतिकडे बघत होते. चक्कर आली असेल म्हणून तेजस्वी त्यांना धरायला पुढे झाली.

"पोरी," आण्णा म्हणाले, "दारात पाय धुवाया पानी नाय ठेवलंस. चिखलाच्या पायानं आत कसा जाऊ? आय बघतेय ना."

तेजस्वीने पुढे केलेला हात मागे घेतला. विक्रांत कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"घागर आहे तुमच्याकडे?" त्याने तेजस्वीला अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"पाणवठ्यावर आहे एक."

"मग ठेवा. ते थांबलेत."

ती लॅपटॉपपाशी बसली. पाणवठ्यावरची घागर उचलून तिने उंबऱ्याशी ठेवली, बाजूला तांब्या ठेवला. आण्णांचं वाकणं थांबलं. मग त्या कोरड्या फरशीवर त्यांनी एक पाय दुसऱ्या पायावर घासला, दुसरा पहिल्यावर, टाचा नीट चोळल्या, आणि पाऊल उचललं.

विक्रांतची खुर्ची त्यांच्या समोरच होती. त्याने ती मागे ओढली आणि भिंतीला लागून उभं राहत त्यांना वाट करून दिली.