सातव्या विहिरीपाशी वळसा

नदी सातव्या विहिरीपाशी आली आणि वळसा घालून पुढे गेली. नकाशा रंगवणाऱ्या बाईची पिवळी पेन्सिल तिथेच थांबली.

माणसाचा मागमूस नव्हता तेव्हा ही नदी वाहिली आणि आटली. तिची वाळू खोल गाडली गेली, दगड झाली, आणि त्या दगडाच्या बारीक छिद्रांत तेल आणि गॅस मुरून राहिले. आता ती नदी टेबलावरच्या नकाशापुरतीच उरली होती. ज्या तेलविहिरीत वाळूचा थर लागला तिथे त्याची जाडी लिहायची, सारख्या जाडीच्या जागा रेषेने जोडायच्या, की नदी आपसूक कागदावर उतरते. सातव्या विहिरीपाशी शून्य लिहिलं होतं. म्हणून सगळ्या रेषा तिथे अंग चोरून बाजूला सरकल्या होत्या.

सातवी विहीर तिच्या नवऱ्याची. खोदकामाचा प्रमुख तो. गॅस उसळला तेव्हा बाकीचे पळाले, तो झडप बंद करायला मागे राहिला. विहीर सिमेंट ओतून बुजवली. त्याला वर्ष होऊन गेलं.

वर्षभर तिला काही वाटतच नव्हतं. रडू नाही, राग नाही. सकाळी उठायचं, डबा भरायचा, ऑफिसला यायचं. हात आपलेच, पण कुणाकडून उसने आणल्यासारखे. पूर्वी इथे तिच्याशी सगळे हमरीतुमरीवर यायचे. नवरा तर चारचौघांत टोमणा मारायचा, "तुम्ही नकाशेवाले म्हणजे ज्योतिषी. फक्त तुमचे ग्रह पायाखाली." आता सगळे तिला वहिनी म्हणत, हळू बोलत, आणि विहिरींच्या नोंदी वाचायचं काम काढून घेऊन नकाशे रंगवायला देत. चहाला जाणारे तिच्या टेबलावरून न जाता लांबच्या दाराने जात.

नवी विहीर कुठे खोदायची, ते आज दुपारच्या बैठकीत ठरणार होतं. नदी वळली असेल तर पूर्वेला, सरळ गेली असेल तर सातवीला खेटून. "वहिनी, शून्य तेवढं पांढरं ठेवा, बाकी पिवळं," एवढंच तिला सांगितलं होतं.

पण जुनी खोड. रंग भरण्याआधी तिने सातव्या विहिरीचा लॉग कपाटातून काढला. वर्षभर तिने तो पाहिला नव्हता. कोणी दाखवलाही नव्हता. खोदताना पात्यामागचं यंत्र दगडाची खबर वर पाठवतं आणि कागदावर एक रेघ उमटत जाते. चिकणमाती असली की रेघ उजवीकडे, वाळू लागली की डावीकडे. ही रेघ वरपासून उजव्या काठाला धरून खाली आली होती. अगदी शेवटी ती डावीकडे सरकू लागली होती. निजलेल्या घरात कुणी चपला हातात घेऊन शिरावं, तशी हळूहळू. नदीची वाळू वरून अशीच सुरू होते. आधी गाळ, मग बारीक, मग भरड. पण भरड यायच्या आतच रेघ तुटली होती. खाली कोरा कागद.

कोरा म्हणजे पुढे कुणी पाहिलं नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी या दोहोंत गल्लत करतो आणि ओरडा खातो. इथे तर केस पिकलेली माणसं बसली होती. शिवाय चिकणमातीतून गॅस असा उसळत नाही. गॅस आला म्हणजे वाळू लागली, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक. तिलाही ठाऊक होतं. वर्षभर ते तिच्या मनात कसं आलं नाही?

नदी असा वळसा घालत नाही. माणसं घालतात.

थोरले साहेब हातात चहाचा कप घेऊन आले. "झालं का रंगवून, वहिनी?"

"हे शून्य कोणी लिहिलं?"

साहेबांनी कप ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "आम्ही सगळ्यांनीच. परत तिथेच खोदायची रिग उभी करायची, रोज उठून तुमच्या कानावर सात नंबर, सात नंबर... जिवावर आलं हो. नदी काय, एवढी लांब पडली आहे. दुसरीकडे खणू."

"आणि आईंना काय सांगितलंत?"

साहेब खाली बघू लागले. सासूबाईंकडे तेच गेले होते. विहीर कोरडी निघाली, म्हणाले होते. तेव्हापासून त्या माउलीचं उठता-बसता एकच पालुपद: खाली काही नव्हतंच, तर माझा लेक गेला कशापायी?

तिने खोडरबर घेतलं. शून्य घासून काढलं, त्या जागी प्रश्नचिन्ह मांडलं आणि नदी सरळ त्यातून नेली.

"तुम्हाला सोसेल एकवेळ," साहेब म्हणाले. "पण त्या जागी पुन्हा खोदतोय हे त्यांच्या कानावर गेलं, तर म्हातारी हाय खाईल."

तिने घरी फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन नकाशावर ठेवला.

"आई, खाली वाळू होती. त्याला लागली होती."

पलीकडे कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"मग वर्षभर अर्ध्यावर सोडून बसलात कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "कुणाची वाट बघताय?"