ताळेबंद जुळला नाही तर

ताई अकाउंट्सच्या पेपरात दोनदा नापास झाली, आणि दोन्ही वेळा एकाच कारणापायी. ताळेबंद जुळला नाही की ती तिथंच हटून बसायची आणि बाकीचा पेपर कोरा राहायचा. शेवटी अकाउंट्स शिकवणाऱ्या मावशीनं तिला समोर बसवून बजावलं, "अगं, नाही जुळत ना? मग खड्ड्यात गेला तो! सोडून दे आणि पुढचा प्रश्न घे." ताईनं ते इतकं घोकलं की झोपेतसुद्धा तेच बडबडायची. या खेपेला पेपर पुरा झाला आणि ती चक्क पास झाली.

पुढच्याच महिन्यात ती एका कारखान्यात मुलाखतीला गेली. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर मालक म्हणाले, "समजा, ताळेबंद जुळलाच नाही, तर काय कराल?"

"सोडून देईन आणि पुढचा प्रश्न घेईन," ताई बोलून गेली. मग तिनं जीभ चावली. नोकरी हातची गेलीच असं समजून ती मुकाट्यानं उठायला लागली.

मालकांनी तिला हातानंच थांबवलं आणि ते शेजारी बसलेल्या मॅनेजरकडे वळले.


"सकाळपासून एवढे जण येऊन गेले, पण खरं बोलणारी ही पहिलीच. हिला घेऊन टाका!"