हातकुटीचा मसाला

गौरेशने उखळात बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"वास तर कसलोच येना, मावशे."

"राखेन घासतंय, सायबा. तुमच्या हॉटेलांसारखी घाण ना हंय."

अन्नसुरक्षा खात्याच्या ह्या पोरसवदा अधिकाऱ्याची सत्यवतीला सकाळपासून किळस येत होती. बुटांसकट भट्टीच्या खोलीत शिरला होता. वर डोक्याला प्लास्टिकची टोपी, बाळंतिणीने कान बांधावेत तशी. असल्याला दालचिनी आणि बाभळीची साल वेगळी ओळखता येईल तर शपथ!

पार्से गावात तिच्या गोड उंड्यांचं मोठं प्रस्थ होतं. जायफळ-दालचिनी घातलेले ते पाव न्यायला सिंधुदुर्गातून गाड्या येत. दारावर पाटीच होती: 'सासू गंगाबाई यांच्या हातकुटीचा मसाला'. गंगाबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण चव तीच, असं लोक मान डोलावून सांगत. नवऱ्यामागे सत्यवती ह्याच भट्टीवर जगली होती. महिन्याकाठी वास्कोला बहिणीकडे जायची तेवढी सुट्टी. एरवी रोज पहाटे तिच्या मुसळाचा आवाज सगळी वाडी ऐके.

गौरेशने बिनलेबलाची बरणी उचलली.

"हो मसालो कोणी केलो?"

"मी."

"कसो? कोणी बघितला?"

"दार लावन कुटतंय. सासूची शिकवण ती. परक्याची दीठ लागली की जायफळ बाधता."

"दीठ!" गौरेश फिसकन हसला. "जायफळ बाधता ता बुरशीन, मावशे."

दारात एव्हाना गाव जमलं होतं. शेजारचा काजूवाला गोकुळदास तावातावाने पुढे आला.

"आमी रोज मुसळ आयकतो, सायबा! आमची जुनी रीत ही!"

"बुरशीक रीत कळना."

खरं तर गौरेशलाही लवकर सुटायचं होतं. असल्या अडाण्यांपुढे कायदा वाचायचा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आयक. बाजारातलो मसालो आसा? परवान्याचो नंबर आसलेलो? एक पाकीट माझ्यासमोर ठेव, मी आत्ताच जातंय. नायतर तपासणी होयसर भट्टी बंद. ती कधी होयत, माका सांगूक येवचा ना."

सत्यवतीने एकवार लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं. मग दाराकडे. गोकुळदास कान टवकारून उभा होता.

"पाकीट?" ती पचकन थुंकली. "ज्या बायलांचे हात झडलेत, तेंणी फोडूचीत पाकिटां! तो भुसो गंगाबायच्या भट्टीत शिरूचो ना. घाल कुलूप!"

गोकुळदासने टाळ्या पिटल्या. त्याच्या स्वतःच्या घरी पाकिटंच फुटत, पण परंपरेचा अभिमान बाळगायला तेवढ्याने काही अडत नाही.

गौरेशने कपाळाला हात लावला. एका पाकिटाने सुटणारी बाई स्वतःच्या पोटावर पाय देत होती! मूर्खपणाचीही परंपरा असते, असं पुटपुटत त्याने बरणीला सील ठोकलं आणि दारावर नोटीस डकवली.

"विस्तव विझवन येतंय," म्हणून सत्यवती आत गेली. तिने दाराला कडी घातली.

बाहेर गाव हळहळत होतं. आत तिने लाकडांच्या ढिगाखालून वास्कोची पिशवी ओढून काढली. जायफळ पूड, दालचिनी पूड, लवंग पूड. प्रत्येक पाकिटावर परवान्याचा नंबर, तारीख, कारखान्याचा पत्ता, साहेबाला हवं होतं ते सगळं ठसठशीत छापलेलं. एकेक करून तिने ती निखाऱ्यांवर टाकली, आणि फटफट आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रोजच्यासारखं रिकाम्या उखळात मुसळ आपटत राहिली.

धूर विरला, तशी ती दार उघडून गावासमोर रडायला बसली.